साखर उतरली त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनी समर्थ. बिबवेवाडी मुक्कामी, सोसायटीचे वाहनतळावर सायंकाळचे मजलसीस बसणारे जे चार थोर गृहस्थ, त्यांनी बद्रीनाथरावांचे दुखण्याची कथा चार तऱ्हांनी सांगितली, आणि एकाचे कारले दुसऱ्याचे कथेत घुसले, आणि तिसऱ्याने तर राव वर जावोन परत आले इथपर्यंत मजल मारिली, सबब खरे वर्तमान बुडोन जाते की काय ऐसा प्रसंग आला. मग वडीलधाऱ्यांनी आज्ञा केली जे, घडले ते कागदावर आणावे, कोणाचा मुलाहिजा ठेवू नये आणि कोणास उगाच मोठे करू नये. ऐसियास लिहिणाराने ज्यांचे डोळ्यांदेखत घडले त्यांस पुसोन, तपास करोन, हे लिहिले आहे. ज्यास यात आपले नाव पाहोन राग येईल त्याने खुशाल रागवावे, आमचा इलाज नाही.

तिसरे मजल्यावर, जिना चढोन डावे हाती, जे तीन खोल्यांचे संस्थान, तेथील राज्य यमुनाबाईसाहेबांचे. दारावर पाटी यजमानांचे नावाची, परंतु हुकूम बाईसाहेबांचा, हे दूधवाल्यापासोन मीटर वाचणाऱ्यापर्यंत सर्वांस ठाऊक. यजमान बद्रीनाथराव मार्केट यार्डात गुळाचे अडते. सारा जन्म ढेपांमध्ये काढिला, डोळे मिटोन नुसत्या वासावरोन गूळ कोणत्या गावचा ते सांगावे, आणि लिलावाचे वेळी आवाज ऐसा लावावा की पलीकडचे मिरचीचे हमाल काम टाकोन पाहात राहात. मग वय जाहले, गाळा पुतण्याचे हवाली केला आणि राव घरी बसले. पुढे मोतीबिंदू काढावयाचे निमित्ताने रक्त तपासिले, तो त्यात साखर निघाली. जन्मभर गूळ विकणाराचे रक्तात साखर निघाली, हे ऐकोन यार्डात दोन दिवस लोक हसत होते.

बाईसाहेब मात्र हसल्या नाहीत. कारण त्यांचे थोरले बंधू, लोणी काळभोरचे दादा, याच दुखण्याने गेले. दादांनी डॉक्टरची गोळी सोडोन कोणाचा तरी काढा धरिला, मग पायाची जखम चिघळली, मग पाय गेला, आणि मग दादाच गेले. बाईसाहेब तेव्हा रडल्या नाहीत, घरी येवोन दिवसभर लखलखीत भांडी पुन्हा घासत बसल्या. आता घरचा धनीच त्या गनिमाचे तावडीत सापडला हे पाहोन त्यांनी मनाशी शपथ वाहिली जे, दादा गेले ते गेले, ह्यांस मी जाऊ देणार नाही. सारी मोहीम त्या एका शपथेवर उभी राहिली, आणि पुढे जो अनर्थ ओढवला तोही तिच्याच पायी.

डॉक्टर अस्मिताबाई, ज्यांचा दवाखाना चौकात औषधाचे दुकानावर, त्यांनी उभयतांस समोर बसवोन सर्व मसलत समजाविली. मोजके खावे, वेळेवर खावे, गोळी जेवणाआधी एकच घ्यावी, जेवण चुकवू नये, चालावे, आणि यंत्राने साखर पाहात जावी. जेवण चुकवू नये हे त्यांनी दोन वेळां सांगितले. परंतु बाईसाहेबांचे कानी एकच शब्द शिरला, साखर, आणि तो शिरताच डोक्यात नौबत वाजू लागली, सबब बाकीचे शब्द दवाखान्यातच राहिले.

मग घरी येताच, कोणास न पुसता, फर्मान सुटले जे, आजपासोन साखर या राज्यातोन हद्दपार. साखरेचा डबा, पिठीसाखर, मधाची बाटली, कोकमाचे सरबत, आवळ्याचा मुरांबा, पाहुण्यांचे पोरांसाठी राखिलेली चॉकलेटे, फ्रीजमधली केळी आणि द्राक्षेसुद्धा, ऐसा सर्व गोड मुलूख दोन पिशव्यांत भरोन समोरचे दारी कांताबाईंचे स्वाधीन केला. कांताबाई शेजारधर्माच्या, त्यांनी पिशव्या ठेवोन घेतल्या आणि इतकेच पुसले, "परत कधी नेणार?"

"आमच्यात आता साखर नाही," बाईसाहेब म्हणाल्या.

"मी तर ऐकलं, आहे म्हणून," कांताबाई म्हणाल्या.

हे बोलणे बाईसाहेबांनी मनात ठेविले, परंतु पिशव्या मागितल्या नाहीत. मग शेव, चकली, बिस्किटे ऐसे जे फितुरीस उत्तेजन देणारे जिन्नस घरात उरले, ते सर्व कपाटात घालोन कुलूप ठोकिले, आणि किल्ली पदराचे टोकास गाठ मारोन बांधिली. ती गाठ त्या दिवसापासोन पदरास राहिली, पदर बदलला तरी गाठ बदलली नाही.

उरला प्रश्न गुळाचा. साखर गेली तेव्हा राव चकार शब्द बोलले नाहीत, परंतु गुळाची ढेप उचलताच वकिलीस उभे राहिले. त्यांचे म्हणणे जे, साखर ती कारखान्याची, गूळ तो गुऱ्हाळाचा, साखर परकी आणि गूळ घरचा, गुळात लोह आहे, गूळ पित्तास चांगला, आणि गुळाने साखर वाढती तर मार्केट यार्डात माणूस उरता ना. "अगं, गूळ म्हणजे काय साखर आहे?" ऐसे त्यांनी कळवळोन विचारिले. त्यासमयी वरचे मजल्यावरील रणजितराव तेथे हजर होते. हे गृहस्थ बँकेतोन निवृत्त, आणि निवृत्तीनंतर वैद्यकीचा व्यासंग धरिला, तो सर्व मोबाइलवर. स्वतःस साखर आहे की नाही हे त्यांस ठाऊक नाही, कारण तपासली तर निघते, सबब ते तपासीतच नाहीत. त्यांनी मान डोलावोन निकाल दिला जे, गूळ औषधी आहे, गुळाने साखर कमीच होते.

बाईसाहेबांनी दोघांचेही न ऐकता न्याय यंत्रावर सोपविला. रावांनी गुळाचा बऱ्यापैकी खडा खावा, मग थोड्या वेळाने बोट टोचोन पाहावे, यंत्र सांगेल ते खरे. राव मोठ्या विश्वासाने खडा खाते जाहले. मग यंत्र बोलिले, आणि फारच वाईट बोलिले. तत्क्षणी गूळही कांताबाईंचे दारी रवाना जाहला. राव खिडकीपाशी जावोन उभे राहिले आणि बराच वेळ बाहेर पाहात राहिले. जन्माचा सोबती फितूर निघाला, त्यांस खरोखर फार वाईट वाटले.

रणजितराव मात्र शरमिंदे जाहले नाहीत, ती त्यांची रीत नव्हे. त्यांनी यंत्रातच खोट काढिली, आणि मग रोज नवा सल्ला घेवोन जिना उतरू लागले. पहाटे कारल्याचा रस घ्यावा, त्यावर जांभळाचे बियांची पूड, त्यावर रात्री भिजविलेल्या भेंडीचे पाणी. कडू जितके पोटात जाईल तितके गोड बाहेर पडेल, ऐसे त्यांचे शास्त्र. डॉक्टर लोक गोळीची सवय लावितात, आणि एकदा का इन्सुलिनची सुई लागली की माणूस संपला, हेही त्यांनी कोणी न पुसता सांगितले. हे सर्व ते रावांचे घरी बसोन बिनसाखरेचे चहात आपण आणिलेला क्रीमरोल बुडवीत सांगत, चहात साखर नाही म्हणोन क्रीमरोल त्यांचे लेखी पथ्याचाच. बाईसाहेबांस गोळीविरुद्धचे बोलणे रुचले नाही, दादांची याद होती. परंतु कारले त्यांनी मान्य केले, कारण शत्रूवर दोन बाजूंनी चालोन जाणे त्यांस पसंत होते.

मग रोज सकाळी यंत्राचा दरबार भरू लागला. रावांनी बोट पुढे करावे, बाईसाहेबांनी टोचावे, आकडा मोठ्याने वाचावा. गोळी आपले काम मुकाट्याने करीत होती, सबब आकडा दिवसेंदिवस उतरत चालिला, आणि श्रेय कारले घेत होते. आकडा उतरला की बाईसाहेबांचा चेहरा खुलावा आणि रावांचे ताटातोन अर्धी भाकरी कमी व्हावी. कारण त्यांचा हिशेब ऐसा जे, थोडे कमी खाऊन इतकी साखर उतरते, तर अजून कमी खाऊन अजून उतरेल. सूनबाई सृष्टी, संगणकाचे कंपनीत नोकरी, घरातल्याच खोलीत कानाला यंत्र लावोन दिवसभर परदेशाशी बोलणार, तिने एकदा हळूच सुचविले जे, "आई, बाबा खूपच बारीक दिसतायत, एकदा डॉक्टरांना विचारू या ना." त्यास उत्तर मिळाले, "विचारायचं काय त्यात? उतरतेय ना साखर?" मग सूनबाई आपले खोलीत परतल्या, आणि चिरंजीव कामानिमित्त बंगळुरास, ते कोणाचेच बाजूने बोलत नसत.

ऐशी मोहीम यशास पोहोचत असता सातारा रस्त्यावरचे कार्यालयात पुतण्याचे कन्येचे लग्न निघाले. बाईसाहेब विहिणींस हळदीकुंकू लावावयास आत गेल्या आणि राव पंगतीत एकटे सापडले. वाढपी जिलबीचे ताट घेवोन आला, राव नाही म्हणाले, परंतु ते ऐशा आवाजात की वाढप्यास हो ऐकू आले. मग पहिली जाहली, मग मठ्ठा जाहला, मग मठ्ठ्यावर जिलबी लागतेच म्हणोन दुसरी, आणि पुढच्या मोजावयाचा रिवाज लग्नात नाही. घरी येवोन राव साळसूदपणे झोपाळ्यावर बसले, परंतु मिशीस पाक लागोन तो वाळला होता. बाईसाहेबांनी जवळ येवोन मिशीवरोन बोट फिरविले, ते चाखिले, आणि काही एक न बोलता आत गेल्या. राव म्हणतात, त्या जर ओरडत्या तर बरे होते.

दुसरे दिवशी सकाळी दंडाचा हुकूम जाहला. काल जितके गोड गेले त्याचा आज हिशेब चुकता व्हावा. सबब आज गोळी एक नव्हे, दोन. नाश्ता नाही. कारल्याचा रस पेला भरोन. आणि मग पायी मार्केट यार्डाचे वेशीपर्यंत जावोन परत यावे, जेणेकरोन काल खाल्लेली जिलबी वाटेतच जळेल. रावांनी गोळ्या घेतल्या, रस घेतला, चपला घातल्या आणि निघाले. गुन्हा कबूल होता, शिक्षा मोजकी वाटत होती, आणि बायकोने धरिलेला अबोला कसा तरी सुटावा इतकीच त्यांची इच्छा होती. यार्डाचे फाटकाशी गुळाचा वास आला, तेथे ते थोडे थांबले. पाय कापू लागले होते, ते त्यांनी वयावर घातले.

परत आले तेव्हा ऊन वर आले होते. सदरा घामाने ओला, हात थरथरत, आणि तोंडावर रंग नाही. झोपाळ्यावर बसले ते बाईसाहेबांकडे पाहोन एकदम लिलावाचे आवाजात म्हणाले, "बोला शेठ, बोला, माल एक नंबर आहे, काय देता?" बाईसाहेबांस वाटले, थट्टा करितात, अबोला सोडवावयाची युक्ती. मग राव म्हणाले, "भूक लागली गं." मग पुन्हा शेठ. तेव्हा बाईसाहेबांनी यंत्र आणोन बोट टोचिले, आणि आकडा पाहिला.

अठ्ठेचाळीस.

एवढा लहान आकडा त्या यंत्राने जन्मात दाखविला नव्हता. बाईसाहेबांनी चष्मा पुसोन पुन्हा पाहिला, तोच. इतके दिवस जिचे मागे फौज लाविली, जिचेपायी घरात हसणे बंद जाहले, ती साखर अखेर शिकस्त खावोन उतरली. "साखर उतरली," त्या म्हणाल्या, आणि दादा गेले तेव्हाही न आलेले पाणी डोळ्यांतोन आले. मराठीत साखर उतरली हे शुभवर्तमानच आहे, कोणी अशुभ म्हणोन शिकविले नाही, मग त्यांनी तरी दुसरे काय समजावे?

रणजितरावांस फोन गेला, ते धावत आले. आकडा पाहोन त्यांनी बाईसाहेबांस हात जोडिले आणि प्रथम काय केले, तर यंत्राचे चित्र काढोन सोसायटीचे व्हॉट्सॲपवर टाकिले, खाली लिहिले, कारल्याचा विजय. तत्काळ अंगठे आणि फुले येऊ लागली. बाईसाहेबांनी पुसले, हा घाम कसला? रणजितराव म्हणाले, साखर घामावाटे बाहेर पडते आहे, तो पुसू नये. ही थरथर कसली? ते म्हणाले, अंगातले विष सुटते आहे. मग ते मांडी घालोन बसले आणि परम सल्ला दिला तो ऐसा.

"वहिनी, आता थांबू नका. अजून थोडी उतरू द्या. एकदा शून्यावर आली की रोगाचं नावच राहणार नाही."

रावांनी पुन्हा क्षीण आवाजात भूक म्हटले. बाईसाहेबांचा जीव तुटला, परंतु किल्ला हाती येतो आहे आणि आता रसद सोडावी तर सर्व केले ते व्यर्थ, ऐसे म्हणोन त्यांनी रावांचा हात धरिला आणि सांगितले, "अहो, थोडा दम धरा. जिंकलोच आहोत आपण." तो हात थंडगार आणि ओला होता. तेव्हा त्यांचे मनात पहिल्यांदा शंका आली. जिंकलेल्या माणसाचा हात ऐसा का लागावा?

त्याच वेळेस सूनबाई पाण्याची बाटली भरावयास बाहेर आल्या. सासऱ्यांस पाहिले, आकडा पाहिला, आणि कानाचे यंत्र काढोन फेकिले. परदेशात कोणी हॅलो हॅलो करीत राहिले. तिने थेट अस्मिताबाईंस फोन लाविला आणि आवाज सर्वांस ऐकू येईल ऐसा ठेविला. अस्मिताबाई पुण्याच्या, त्यांनी पाल्हाळ न लाविता ऐकोन घेतले.

"डॉक्टर, साखर उतरली ह्यांची, अठ्ठेचाळीसवर," बाईसाहेब पुढे होवोन म्हणाल्या.

"यमुनाबाई, अभिनंदन मागाहून करू. आधी साखर द्या."

"कुणाला?"

"ज्यांची उतरलीय त्यांना. शुद्धीवर आहेत ना? गिळता येतंय? मग साखर पाण्यात कालवून पाजा, आत्ता. गाडी खूप वेगानं जाणं वाईट, म्हणून इंजिनच बंद पडलेलं चांगलं, असं नसतं. अजून उतरली तर बेशुद्ध पडतील, आणि मग काहीही होऊ शकतं."

मग बाईसाहेब अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "साखर नाहीये घरात."

"मग गूळ."

"तोही नाही."

"मध, सरबत, केळं, काहीही गोड."

"नाही."

"मग आहे काय तुमच्याकडे?"

"कारलं," बाईसाहेब म्हणाल्या.

तो शब्द तोंडातोन निघताच बाईसाहेबांस सर्व समजले. ज्या घराने गुळाचे डोंगर विकले त्या घरात आज गोड म्हणोन एक कण नाही, आणि तो कण त्यांनीच आपले हाताने बाहेर काढिला. त्या उठोन समोरचे दारी धावल्या, कडी वाजविली, तो कुलूप. कांताबाई लेकीकडे गेल्या होत्या, आणि सारा गोड मुलूख त्या कुलपामागे होता. सूनबाई जिन्यात धावोन वरची दोन दारे वाजविती जाहली, ऑफिसची वेळ, कोणी उघडले नाही. दुकान चौकात, जावोन यावयास वेळ लागणार. तितक्यात रणजितराव आपले घरी जावोन एक डबी घेवोन विजयी मुद्रेने परतले, त्यात शुगरफ्रीच्या गोळ्या.

"त्यात साखर नाही, म्हणून तर तिला शुगरफ्री म्हणतात," फोनमधोन आवाज आला.

रावांची मान आता खाली जाऊ लागली होती. बिस्किटे कपाटात होती ती बाईसाहेबांस आठवली, त्यांनी पदराची गाठ बोटांनी ओढिली, दातांनी ओढिली, परंतु गाठ सुटेना. रोज घट्ट केलेली गाठ, ती काय ऐन वेळेस सुटणार. त्यांचे डोळ्यांपुढे लोणी काळभोरची ओसरी आली, आणि खाटेवरचे दादा. दादांस कमी गोळ्यांनी मारिले, ह्यांस मी जास्तीने मारिते, ऐसे त्या उघड बोलल्या, आणि बोलता बोलता त्यांची नजर वर गेली ती देवघरावर ठरली.

हुकूम सर्व राज्यास लागू होता, देवघरास नव्हता. देवास मधुमेह नाही, सबब रोजचा नैवेद्य चालूच होता. पितळेची लहान वाटी, तीत खडीसाखर, वर झाकण. बाईसाहेबांनी आपणच ती रोज ठेवावी, संध्याकाळी झाकोन आत सारावी, आणि तिचा उच्चारही करू नये. इतक्या कडक बंदोबस्तात गनिमाची एक तुकडी खुद्द देवाचे छायेस राहिली होती, आणि आज तीच कामास आली. ज्या बाईसाहेबांनी हात धुतल्यावाचून कोणास देवघरास कधी शिवू दिले नाही, त्या पायात जिन्यातली चप्पल तशीच ठेवोन पुढे गेल्या आणि वाटी उचलली. "देवा, उसनी नेते," इतकेच म्हणाल्या.

"वहिनी, साखर? त्यांना? अहो, विष आहे ते," रणजितराव आडवे आले.

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "रणजितराव, आपण घरी जा. आणि पुन्हा याल तेव्हा सोबत काही आणू नका."

मग खलबत्ता बाहेर आला. खडीसाखरेचे खडे निबर, सहजी विरघळणारे नव्हेत, सबब बाईसाहेबांनी बत्ता ऐसा चालविला की खालचे मजल्यावर लोक वर पाहू लागले. सूनबाईंनी कोमट पाणी आणिले, पूड त्यात ढवळली, आणि बाईसाहेबांनी रावांची मान आपले दंडावर टेकवोन पेला ओठास लाविला. एक घोट गेला. दुसरा गेला. मग रावांनी डोळे उघडले, पेल्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि पेला हळूच दूर सारू लागले.

"यमुने, साखर आहे यात," ते कुजबुजले. "तुझा हुकूम मोडेल."

तेव्हा मात्र बाईसाहेबांचा बांध फुटला. त्या हुंदके देत म्हणाल्या, "मोडू द्या. प्या मुकाट्यानं," आणि राव लहान मुलासारखे सारा पेला प्याले.

पाव तासाने बोट टोचिले, आकडा वर आला, परंतु पुरता नाही. अस्मिताबाईंचे हुकुमाने पुन्हा तितकेच पाणी पाजिले. मग आकडा ठाकठीक जाहला, मग भाकरी आणि वरण जाहले, आणि राव बाईसाहेबांस शेठ न म्हणता नावाने हाक मारू लागले. तरी अस्मिताबाईंनी खलिता धाडिला जे, ऐशा गोळीचा अंमल पोटात बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, सबब रिक्षा करोन दवाखान्यात आणावे. तेथे त्यांनी रावांस संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेविले, आणि मग पुसले, दुप्पट गोळी द्यावयास कोणी सांगितले होते? सूनबाई रणजितरावांचे नाव घेणार, तितक्यात बाईसाहेब म्हणाल्या, "कुणी नाही. मी दिली." कारण तितकी गोष्ट खरी होती.

अस्मिताबाई रागावल्या नाहीत, समोर बसवोन पुन्हा सर्व सांगितले, आणि या खेपेस बाईसाहेबांनी सर्व ऐकिले. जे गोड खाल्ल्यानेच मधुमेह होतो ऐसे नाही, आणि न खाल्ल्याने जातो ऐसेही नाही. गोड लागते तीच साखर नव्हे, भाकरी, भात, साबुदाणा यांचीही आत साखरच होते, म्हणोन माप हवे, बंदी नको. गोळी ही शिक्षा नव्हे, तिचा डोस कोणी रागावोन वाढवू नये आणि आनंदाने कमी करू नये. कोणास पुढे इन्सुलिन लागले तर ते औषध आहे, शेवट नव्हे. आणि साखर वर जाणे वाईट तैसे फार खाली जाणेही वाईट, कापरे भरणे, घाम, भूक, बरळणे ही तिची खूण, तेव्हा हाताशी गोड असावे. "दादांना कुणी हे सांगितलं असतं तर?" ऐसे बाईसाहेबांनी पुसले. अस्मिताबाईंनी त्यांचे हातावर हात ठेविला.

मग तह जाहला. कांताबाई परतल्यावर दोन पिशव्या सन्मानाने घरी आल्या, आणि कांताबाई म्हणाल्या, "म्हणजे आहे तर तुमच्यात साखर." या खेपेस बाईसाहेब हसल्या. साखरेस स्वयंपाकघरात एका डब्याची जहागीर मिळाली, तिने मर्यादेबाहेर पाऊल टाकू नये ऐशी अट. गुळास सणावारी, तेही मोजून, दर्शनाची परवानगी. कारले भाजी म्हणोन राहिले, वैद्य म्हणोन नव्हे. रावांचे ताटात पूर्ण भाकरी आली, आणि सदऱ्याचे खिशात साखरेची पुडी. कपाटाचे कुलूप मोडीत निघाले.

रणजितराव काही काळ दिसले नाहीत. मग त्यांचा सोसायटीचे व्हॉट्सॲपवर लेख प्रगटला जे, मधुमेहावर खडीसाखर रामबाण, बद्रीनाथरावांचा स्वानुभव, सर्वांनी रोज सकाळी उपाशीपोटी एक मूठ घ्यावी. तत्काळ अंगठे आणि फुले आली. तेव्हा यमुनाबाईसाहेबांनी त्या दरबारात पहिले आणि अखेरचे फर्मान लिहिले, ते मूळचे शब्दांत येथे नोंदविले आहे. "कुणीही काहीही घेऊ नये. डॉक्टरांकडे जावे. रणजितरावांनी आधी स्वतःची साखर तपासून घ्यावी." मग सोसायटीतले तिघे जण मुकाट्याने रक्त तपासोन आले, त्यात रणजितराव एक, आणि त्यांची निघाली. त्यांस पहिला डबा भाकरी-भाजीचा कोणी धाडिला, तर बाईसाहेबांनीच, सोबत अस्मिताबाईंचा फोन नंबर.

येणेप्रमाणे साखरेवर फत्ते जाहली, ती साखर मारोन नव्हे, तिच्याशी नांदोन, हे सर्वांनी ध्यानी घ्यावे. आता राव आणि बाईसाहेब रोज संध्याकाळी जेवणाआधी नव्हे, जेवणानंतर फिरावयास निघतात. परवा चौकातल्या कट्ट्यावर बसले असता रावांनी बाईसाहेबांचे पदराचे टोक हातात घेतले, त्यास पूर्वीसारखीच गाठ होती. ते म्हणाले, "कुलूप गेलं, मग किल्ली कशाला बांधून फिरतेस अजून?"

"चाचपून बघा," बाईसाहेब म्हणाल्या.

रावांनी गाठ बोटांत धरोन दाबिली. जन्मभर माल बोटांनी ओळखिलेला, त्यांस उघडोन पाहावे लागले नाही. आत खडीसाखर होती, आणि गाठ सैल बांधिली होती, एका हिसक्यात सुटेल इतकी.